तीनशे ते चौतीसशे

एरंडवण्यातल्या त्या दुकानात चपला बाहेर काढून जायचं असतं.
आत गालिचा, भिंतींना गादीसारखं काहीतरी,
आणि अशी शांतता
की माझा गुडघा वाजला तो मलाच ऐकू आला.
ओजस होनराव म्हणाला, बसा काकू. बजेट किती?
बायकांना वय विचारावं तसं विचारलं त्यानं,
जरा दुसरीकडे बघत.

बँकेत अडीच लाख आहेत, डाव्या गुडघ्याच्या नावाचे.
उजवा झाला गेल्या वर्षी.
मृदुला म्हणते, ताई, आधी नीट चालायला लाग, मग ऐक.

मी काय काम करायचे ते ओजसला सांगितलं नाही.
टेलिफोन एक्स्चेंज, छत्तीस वर्षं. आधी ट्रंक, मग चौकशी.
ट्रेनिंगच्या पहिल्याच दिवशी डिंगणकर साहेबांनी फळ्यावर लिहिलं होतं:
तीनशे ते चौतीसशे हर्ट्झ.
तार एवढाच आवाज नेते. खालचा, वरचा टाकून देते.
माणूस ओळखू यायला एवढा पुरतो.

पुरला की.
तेवढ्यात मी बारशी ऐकली, टेंडरं ऐकली,
सांगलीहून आलेलं "बापू गेले" ऐकलं,
आणि इकडचा मुलगा काही बोलेचना, तेव्हा
नियमाप्रमाणे मध्ये पडले:
तीन मिनिटं झाली. वाढवायचीत?

ओजसनं कुणा बाईंचा विलंबित लावला.
आधी काहीच नाही.
मग तानपुरा, तोही समोरून नाही,
जमिनीतून, माझ्या तळपायांत.
तबलजीनं मांडी बदलली, सतरंजी सरकली,
आणि सूर लावायच्या आधी बाईंनी श्वास घेतला,
नाकातून, किंचित सर्दी असावी.
मी खुर्चीचा हात धरून ठेवला.
हे सगळं तिकडे होतं तर.
त्या मुलाच्या गप्प बसण्यातही असणार,
आणि मी ऐकलं फक्त मधलं.

स्पीकर दोन ऐंशी. अ‍ॅम्प्लिफायर एक पासष्ट.
आणि वायर, काकू, अडतीस हजार.
इथे मात्र मला हसू फुटलं.
म्हटलं, बाळा, बाकी काहीही सांग,
वायरीचं मला नको सांगूस.

मग पिशवीतून कानाचा कागद काढून त्याच्यासमोर ठेवला.
डावा कान, हेडसेटचा.
चार हजारांच्या पुढे रेघ जिना उतरून तळघरात जाते.
"मग एवढं महागाचं कशाला?" असं तो म्हणाला नाही.
कागद बघितला, उठला,
आणि माझी खुर्ची माझ्यासकट वीतभर डावीकडे सरकवली.
आता बघा, म्हणाला.

त्या वीतभरानं सौदा झाला, हे त्याला कळू दिलं नाही.
तासभर घासाघीस केली.
कोपऱ्यावर ओरखडा असलेली डेमोची जोडी, एक नव्वद.
कुणीतरी बंगलोरला जाताना विकलेला अ‍ॅम्प्लिफायर, बावन्न हजार.
सीडी प्लेअर घरचाच.
वायर तपकीर गल्लीतून, पंच्याऐंशी रुपये मीटर, आठ मीटर.
वीजबिलाच्या पाठीवर बेरीज केली: दोन लाख बेचाळीस हजार सहाशे ऐंशी.
गुडघ्यातले सात हजार तीनशे वीस उरले.
त्यात एक बरी खुर्ची येते.
बसून ऐकायला गुडघा लागत नाही, असं मृदुलाला सांगायचं ठरवलं,
मग म्हटलं, नकोच सांगायला.

रात्री खोलीतले पडदे ओढले,
भिंतीला आईची गोधडी ठोकली, लोखंडी कपाटाचं दार
थरथरू नये म्हणून फटीत पोस्टकार्ड कोंबलं.
बाईंनी श्वास घेतला.
सर्दी तशीच होती.

तेवढ्यात बेल. खालच्या खाजगीवाले बाई,
केसांचा अंबाडा सुटलेला, हातात चष्मा:
तीन मिनिटं झाली, आमची जमीन गुणगुणतेय.
किती वेळ चालणार आहे हे?

मी आवाज थोडा कमी केला. थोडाच.
म्हटलं, वाढवलेत.